सुतळ्याच्या नावाचा केक

ओडेट म्यूजचं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावर येणारं होतं. देशातला कुठला जीव मरणाच्या किती जवळ पोचलाय हे ठरवणारी एक समिती होती, आणि त्या समितीसाठी ती अहवाल लिहायची. कधी बेडूक, कधी गोगलगाय, कधी एकाच कड्याच्या एकाच बाजूला उगवणारं दगडफूल. किती उरलेत, कुठे उरलेत, कशापायी जातायत आणि असंच चाललं तर कधी संपतील. डॉक्टरला निदान समोर रोगी तरी दिसतो. ओडेटचे रोगी बहुतेक वेळा सापडायचेच नाहीत, आणि न सापडणं हाच त्यांचा रोग असायचा.

अहवाल वाचून समिती मत द्यायची. प्रत्येकाने हातातला रंगीत पुठ्ठा वर करायचा. पिवळा म्हणजे काळजीचा, नारिंगी म्हणजे धोक्याचा, लाल म्हणजे अति धोक्याचा. काळा पुठ्ठाही होता. तो वर करायची वेळ आली की सगळे आधी घोटभर पाणी पिऊन घ्यायचे. दहा वर्षांनी तोच जीव पुन्हा टेबलावर. बावीस वर्षांत ओडेटचा एकही जीव बऱ्या रंगाकडे सरकला नव्हता. पिवळे नारिंगी झाले, नारिंगी लाल झाले, आणि एका गोगलगायीने तर अहवालाची शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंतही दम धरला नाही. नवरा वेगळा झाला तेव्हा जाताना एवढंच म्हणाला, "माझ्यावर कधी काही लिहू नकोस, ओडेट. मला अजून जगायचंय."

समितीत एक रीत होती. ती कुठल्याही नियमावलीत नव्हती, म्हणून काटेकोर पाळली जायची. ज्याचा जीव एक पायरी सुधारेल त्याने बैठकीला केक आणायचा, आणि केकवर त्या जीवाचं चित्र हवं. देवमाशावाल्याने आणला होता. ससाण्यावाल्या बाईने तर दोनदा आणला, आणि दुसऱ्यांदा जरा जास्तच हसली. ओडेटने सगळ्यांचे केक खाल्ले होते. दरवेळी तिच्या वाट्याला कोपऱ्याचा तुकडा यायचा, त्यात देवमाशाची शेपटी यायची नाहीतर ससाण्याची नखं. लोक मोठमोठ्या गोष्टी मागतात. ओडेटला निवृत्त व्हायच्या आधी एकदा केक न्यायचा होता. बाकी तिचं काही म्हणणं नव्हतं.

आणि आता सुतळ्या साप तो योग आणत होता.

सुतळ्या म्हणजे नावासारखाच. जाडीला सुतळी, रंगाला ओल्या मातीसारखा, पाठीवर एक पिवळी रेघ. चावत नाही, कारण चावण्याइतकं तोंडच नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या पार नैर्ऋत्येला, पेतित आन्स नावाच्या गावाबाहेर तळ्याकाठी एक पाणथळ कुरण आहे, तेवढंच त्याचं जग. दहा वर्षांपूर्वी समितीने त्याला एकमताने लाल पुठ्ठा दाखवला होता. त्यानंतर मात्र मोजणीचा आकडा दरवर्षी थोडा थोडा चढत गेला. ओडेटने अहवालात शिफारस केली: लालवरून नारिंगी. तपासनिसांनी माना डोलावल्या. नोव्हेंबरात ओटावाला बैठक, तिथे पुठ्ठे वर व्हायचे, एवढंच बाकी होतं.

सप्टेंबरात ती पेतित आन्सला गेली ती फक्त मुखपृष्ठाचा फोटो काढायला. मागच्या अहवालावरच्या फोटोत सापापेक्षा तिचा अंगठा जास्त आला होता.

कुरण होतं क्लॉव्हिस सुरेत यांच्या मालकीचं. क्लॉव्हिसकाका म्हातारे, काकू गेल्यापासून एकटे, जन्मभर शेवंडं पकडलेले. ओडेटच्या वडिलांच्या होडीशेजारी त्यांची होडी असायची, म्हणून काका. तिच्या वतीने उन्हाळाभर साप मोजायचे तेच, आणि शरदात फोनवर आकडा सांगायचेही तेच. ओडेटला सात वर्षांत इकडे यायला जमलं नव्हतं. दरवर्षी प्रवासखर्चाचा अर्ज जायचा आणि दरवर्षी उत्तर यायचं की साप सुधारत असल्यामुळे जाण्याची गरज दिसत नाही.

"आलीस? बूट बाहेर काढ," काका म्हणाले. "बटाट्याचं रापूर भट्टीत आहे. तू वाळलीस गं पोरी. की आधीपासूनच अशी होतीस?"

"आधीपासूनच, काका."

"मग ठीक."

ओडेट आत आली आणि थबकली. घरात एकही दार नव्हतं. चौकटी होत्या, बिजागऱ्या होत्या, दारं नव्हती. झोपायची खोली, कोठीघर, सगळं आरपार. संडासाला काकूंचा जुना निळ्या फुलांचा पडदा लावला होता.

"दारं कुठे गेली?"

"कामाला लागली," काका बटाट्याचा करडा लगदा ताटात वाढत म्हणाले. "आणि पडदा आहे म्हणून थेट घुसायचं नाही हं. चौकटीवर तीनदा ठोठावायचं. घराला वळण पाहिजे."

"घरात तुम्ही एकटेच असता ना?"

"वळण एकट्याला नको का?"

ठोठावण्याचं हे वळण ओडेटला जुनंच माहीत होतं, कारण ते मुळात सापांसाठी होतं. साप मोजायची पद्धत अशी: सुतळ्याला उबदार, कोरडं छप्पर आवडतं. कुरणात सपाट फळी टाकून ठेवली की तो खाली येऊन बसतो. फळी उचलायची, मोजायचं, फळी पुन्हा हळूच ठेवायची. ओडेटने अगदी सुरुवातीला पंचायतीच्या उकिरड्यावरून बारा जुनी दारं आणून कुरणात आडवी टाकली होती, कारण फळ्यांना पैसे मंजूर झाले नव्हते. काका प्रत्येक दार उचलण्याआधी त्यावर तीनदा टकटक करायचे.

"काका, सापाला कान नसतात," ती तेव्हा म्हणाली होती.

"म्हणून तर ठोठावतो. हाक मारून काय उपयोग?"

जेवण झाल्यावर दोघं कुरणात गेली. ओडेटने कॅमेरा गळ्यात अडकवला होता. नेच्यांचं शेवटचं झुडूप ओलांडलं आणि तिचे पाय तिथेच थांबले.

कुरण दारांनी भरलं होतं. पांढरी, निळी, हिरवी, काचेच्या खिडकीची, जाळीची, मांजरासाठी भोक पाडलेली. एखाद्या गावाने एकाच सकाळी घर सोडायचं ठरवावं, आणि जाताना फक्त दारं मागे ठेवावीत, तसं.

"काका," ती सावकाश म्हणाली, "मी बारा ठेवली होती."

"बाराच होती. मग तेरावं आलं."

"कुठून?"

"लुसील अमिरोचं. तिनं स्वयंपाकघर नवं केलं. म्हणाली, हे दार टाकू कुठे? म्हटलं आण इकडे, सापांची दाटी होतेय. मग लुसीलनं दिलं म्हटल्यावर तिची जाऊ मागे राहील का? तिनं दोन दिली. चांगली होती दोन्ही, उगाच काढली." काका दाखवत पुढे चालले. "हे पाद्रीबाबांचं. पापं कबूल करायच्या खोक्याचं दार. हल्ली कोणी पापं सांगायला येत नाही म्हणाले, घेऊन जा. याच्याखाली कायम तीन-चार असतात. हे शाळेचं. आणि हे ज्यूड कोमोचं, तो गेला ना फेब्रुवारीत. आता कोणी गेलं की त्याच्या खोलीचं दार इथे आणून टाकतात. फुलं काय, चार दिवसांत वाळतात."

ओडेट एका तपकिरी दारापाशी थांबली. त्यावर पितळी चौदा आकडा होता, आणि मुठीला दोरीने एक पाटी लटकत होती: 'कृपया त्रास देऊ नये.'

"मोटेल बंद पडलं तेव्हाचं," काका आवाज खाली आणून म्हणाले. "हे मी एक दिवसाआड उचलतो. एवढं लिहिलंय तर."

"एकूण किती आहेत?"

"साप?"

"दारं, काका."

काकांनी टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "पन्नासावर गेली असतील बघ. साठीत असतील. ते काय मी मोजत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? दरवर्षी फोन करून काय म्हणायचीस? 'काका, साप किती?' मी साप सांगायचो. एकदा तरी म्हणालीस का, 'काका, दारं किती?'"

नव्हती म्हणाली. दरवर्षीच्या मोजणीच्या नोंदीत त्यासाठी खास जागाच होती: मोजणीच्या पद्धतीत काही बदल? तिथे ती सात वर्षं एकच शब्द लिहीत आली होती. नाही.

ती जवळच्या दारावर बसणार होती, पण खाली कोण असेल ते आठवून उभीच राहिली. बारा दारांखाली दहा-अकरा साप सापडायचे. आता साठ दारांखाली चाळीस सापडत होते. यावरून साप वाढले असं म्हणता येत होतं. दारं वाढली, म्हणून आधीपासून गवतात दडलेले साप दिसायला लागले, असंही म्हणता येत होतं. तिने जुनी बारा दारं शोधून काढली, त्यांच्या कडेला तिने तेव्हा पांढरी पट्टी ओढली होती. ठोठावून एकेक उचललं. बाराही दारांखाली मिळून तीन साप निघाले. मग पद्धतीप्रमाणे पाहिलं तर साप घटले होते. किंवा ते लुसीलच्या जावेच्या चांगल्या दारांखाली राहायला गेले होते, आणि त्यांना दोष देता येत नव्हता.

"मग?" काकांचा चेहरा उजळला होता. "वाढले ना आपले? गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. आणि तो केकचा मान तुझा आहे ना यंदा? मला तुकडा ठेव. कोपऱ्याचा नको."

ओडेटने फोटो काढला. साप मस्त आला. अंगठा अजिबात आला नाही.

हॅलिफॅक्सच्या घरापर्यंतच्या परतीच्या वाटेवर तिने स्वतःची समजूत घातली. अहवाल गेलेला आहे. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. चाळीस साप आहेत हे खरं, मागे दहा होते हेही खरं. कोणी खोटं बोललेलं नाही, फक्त दारांविषयी कोणी काही बोललेलं नाही. शिवाय लालवरून नारिंगीवर गेल्याने सापाला काही कळणार नाही. त्याला कान नसतात.

नोव्हेंबरात तिने केक केला. आजीच्या पद्धतीचा, काकवीचा, काळपट, जड. वरती साखरेच्या पिवळ्या रेघेने सुतळ्या काढला, वेटोळ्यासकट. विमानतळावर तपासणीच्या पोऱ्याने खोकं उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"बाई, हा साप आहे."

"केक आहे."

"विषारी आहे का?"

"काकवीचा आहे."

त्याने केक दोनदा यंत्रातून काढला. ओडेट मोजे घालून गार फरशीवर उभी राहिली आणि तिला वाटलं, सोडून द्यावं इथेच. पण पट्ट्यावरून खोकं पलीकडे आलं, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाने ते उचलून सौजन्याने तिच्या हातात दिलं. मग काय करणार?

बैठक हॉटेलच्या बिनखिडकीच्या दालनात होती आणि पाच दिवस चालायची. सोमवारी सगळे शास्त्रज्ञ असायचे. शुक्रवारी दुपारपर्यंत ते ज्या जीवांविषयी बोलत, त्यांच्यासारखेच दिसायला लागायचे. अध्यक्ष वेंडेल फ्रीसन, मूळचे शिंपल्यांचे जाणकार, आता स्वतः अर्धवट मिटल्यासारखे खुर्चीत बसले होते. शेजारी मॅव्हिस पेनी, कायद्याची जाणकार, न्यूफाउंडलंडची, तिच्यापुढे कायद्याचं पुस्तक आणि खोकल्याच्या गोळ्या. टेबलाच्या टोकाला शेवाळांचा कास्पर, जो गुरुवारी एका शेवाळाला काळा पुठ्ठा पडल्यापासून कोणाशी बोलला नव्हता.

आणि भिंतीकडेच्या मेजावर केक. सकाळपासून सगळ्यांची नजर त्यावर होती. आठवडाभर लाल, लाल, नारिंगी, लाल, काळा झालं होतं. लोकांना एक केक हवा होता. कॉफीच्या सुट्टीत तिघं येऊन ओडेटचं आगाऊ अभिनंदन करून गेले. ससाण्यावाली म्हणाली, "शेवटी तुझीही पाळी आली. मला फार बरं वाटतंय गं." तिला खरंच बरं वाटत होतं, तेच जास्त वाईट होतं.

सुतळ्याची पाळी आली तेव्हा चार वाजले होते. ओडेटने नेहमीचं सांगितलं: कुठे राहतो, काय खातो, किती सापडले. पडद्यावर फोटो आला. कोणीतरी "वा" म्हणालं. वेंडेलने हातातल्या कागदावरून शेवटचे ठरलेले प्रश्न वाचायला घेतले. ते प्रत्येक जीवाविषयी विचारले जात, आणि त्यांना कोणी मान वर करून उत्तर देत नसे, जसं रस्त्यात कोणी "कसं काय?" विचारलं तर कोणी आपली प्रकृती सांगत बसत नाही.

"सीमेपलीकडून येण्याची शक्यता?"

"नाही."

"मोजणीच्या पद्धतीत काही बदल?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. ओडेटने तोंड उघडलं. पण खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते, ते बोलायचं, मग लक्षात ठेवायचं, मग दहा वर्षांनी पुन्हा तेच बोलायचं. शुक्रवारी चार वाजता तिच्यात तेवढी ताकद उरली नव्हती.

"हो," ती म्हणाली.

वेंडेल पुढचा प्रश्न अर्धा वाचून थांबले. "हो?"

"दारं वाढली."

"कसली दारं?"

मग तिने सगळं सांगितलं. लुसीलचं स्वयंपाकघर, जाऊ, पाद्रीबाबा, ज्यूड कोमो, चौदा नंबरची खोली. सांगून झालं तेव्हा बरेच जण केककडे बघत होते.

"म्हणजे साप वाढले की नाही?" वेंडेल म्हणाले.

"माहीत नाही."

"घटले?"

"तेही माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज होता," ओडेट म्हणाली. "तिथे ठेवलाय, मेजावर."

कास्परने गुरुवारनंतर प्रथमच तोंड उघडलं. "दार हे नैसर्गिक निवासस्थान म्हणायचं का?"

"लाकडाचं आहे," कोणीतरी म्हणालं.

"एक प्लास्टिकचं आहे," ओडेटने प्रामाणिकपणे सांगितलं. एकदा सुरुवात केल्यावर थांबणं कठीण असतं.

तेवढ्यात मॅव्हिस पेनीने खोकल्याची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली आणि पुस्तक उघडलं. हे तिने केलं की सगळे आपापले कागद जवळ ओढायचे.

"साप नियमाने तिथे राहतात का, ओडेट? परत परत येतात त्याच दाराखाली?"

"येतात."

"मग कायद्याने ते त्यांचं घर झालं. लाल पुठ्ठ्याच्या जीवाचं घर हलवायचं नाही, मोडायचं नाही, उघडायचं नाही. परवान्याशिवाय."

"उघडायचं नाही म्हणजे दार उचलायचं नाही?"

"नाही."

"पण उचलल्याशिवाय मोजणार कसं?"

"परवाना घेऊन."

"परवाना कसा मिळतो?"

मॅव्हिसने पान उलटलं. "अर्जाला अलीकडची, खात्रीची मोजणी जोडावी लागते."

दालनात कोणी हसलं नाही. असले निर्णय या लोकांनी फार पाहिले होते.

"म्हणजे घराला दार आहे, पण दार हेच घर आहे," कास्पर स्वतःशीच म्हणाला, "आणि ते उघडता येत नाही."

"कास्पर, कृपा कर," वेंडेल म्हणाले.

पुठ्ठे वर झाले. सगळे लाल. नवी खात्रीची मोजणी होईपर्यंत जुनी श्रेणी कायम. ओडेटने लिहून घेतलं. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाईट वाटायची रांग लांब होती आणि हे पार मागे उभं होतं. तिला फक्त झोप येत होती.

लोक कागद आवरायला लागले, पण उठलं कोणी नाही.

"केकचं काय?" मागून आवाज आला.

वेंडेलने चष्मा काढून डोळे चोळले. "रीत स्पष्ट आहे. जीव सुधारला तर केक. हा सुधारला नाही."

"बिघडलाही नाही," कास्पर म्हणाला. "बावीस वर्षांत ओडेटचा पहिला जीव आहे, जो खाली गेला नाही."

सगळे ओडेटकडे बघायला लागले. तिने हे असं कधी मोजलं नव्हतं. तिने मान खाली घालून पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मतदान घ्या," ससाण्यावाली म्हणाली.

आणि खरंच घेतलं. कापायचा असेल तर पिवळा, नाहीतर लाल. काहींनी चुकून नारिंगी वर केला, त्यांची मतं बाद झाली. बरोबर निम्मे पिवळे, निम्मे लाल. निर्णायक मत वेंडेलचं. ते केकजवळ गेले, वाकून सुतळ्याकडे बघितलं, साखरेची रेघ बोटाने चाचपावी असा त्यांचा हात पुढे आला आणि मॅव्हिसने घसा साफ केल्यावर मागे गेला.

"पुरेशी माहिती नाही," ते थकून म्हणाले. "पुढच्या बैठकीत बघू. तोवर आहे त्या स्थितीत ठेवावा."

केक आहे त्या स्थितीत ओडेटने पुन्हा खोक्यात बांधला.

हॅलिफॅक्सला उतरून बाहेर पडताना तपासणीचा तोच पोऱ्या भेटला. "खाल्ला नाही?" तो म्हणाला.

"निर्णय झाला नाही."

त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि या वेळी खोकं न उघडताच तिला जाऊ दिलं.

रविवारी ती पेतित आन्सला गेली. कुरणावर दहिवर पडून गोठलं होतं, दारं पांढरी झाली होती. या दिवसांत खाली कोणी नसतं. साप जमिनीत खोल जाऊन निजलेले असतात. तरी काका टोपी कानांवर ओढून तिथेच फिरत होते.

"लाल," ती म्हणाली.

काकांनी नुसतं "हं" केलं. मग म्हणाले, "माझ्यामुळे?"

"नाही. मी विचारलं नव्हतं त्यामुळे."

"गावात काय सांगू?"

"सांगा, दारं छान आहेत. इतकी छान आहेत की कायद्याने आता ती सापांची घरं झालीत. उचलायची नाहीत."

"कोणी?"

"कोणीच. तुम्हीसुद्धा नाही. परवाना मिळेपर्यंत."

"आणि तो कधी मिळेल?"

"मोजणी झाल्यावर."

काका चौदा नंबरच्या दाराकडे वळले. पाटी वाऱ्याने हलत होती. "तरी मी म्हणत होतो," ते म्हणाले, "एवढं लिहिलंय तर." मग ते तिच्याकडे वळले. "पण पोरी, मग मी उन्हाळाभर करू काय?"

ओडेटने बुटाच्या टोकाने दहिवर खरवडलं.

"ठोठावा," ती म्हणाली.

"त्याला परवाना लागत नाही?"

"विचारलं नाही मी."

"विचारूही नकोस," काका घाईने म्हणाले. "तुझं ते विचारणं फार महागात पडतं."

घरात चुलीजवळ बसून त्यांनी केक कापला. चाकू लावताना ओडेटचा हात क्षणभर थांबला, तेव्हा काकांनी चाकू काढून घेतला आणि सुतळ्याच्या बरोबर मधोमध कापलं. मधला तुकडा स्वतः घेतला, डोक्याकडचा तिला दिला. केक आठ दिवसांचा आणि दोन विमानांचा होता. दारं नसल्याने कोठीघरातला वारा थेट पाठीवर येत होता.

"मग खरं काय?" काका तोंड भरलेलं असताना म्हणाले. "वाढले की नाही आपले?"

"नाही सांगता येत."

"हं. केक मात्र चांगला झालाय."

"कोरडा झालाय, काका."

"कोरडा चांगला झालाय."

ओडेटने बशी ठेवली आणि हात धुवायला उठली. घरात दोघंच होती, आणि दुसरा माणूस तिच्यामागे चुलीपाशी बसून बोटं चाटत होता, हे तिला नीट दिसत होतं. तरी निळ्या फुलांच्या पडद्यापाशी आल्यावर ती थांबली. चौकटीवर तीनदा टकटक केली. मग आत कोणी हलतंय का, याची थोडा वेळ वाट पाहिली.